ट्रकच्या केबिनला भिंत हवी

भोपाळच्या इंद्रपुरीत दोन प्रकारचे कामगार एकमेकांच्या अगदी जवळून वावरतात. एकीकडे भेलचा (भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा) अवाढव्य कारखाना आणि गोविंदपुऱ्यातले लहानमोठे उद्योग. तिथे काम करणारी असंख्य कुटुंबं इंद्रपुरीत, पिपलानीत, बरखेड्यात राहतात आणि त्यांत मराठी घरंही आहेत. दुसरीकडे रायसेन रोड, आणि त्यावरून कोकत्याच्या ट्रान्सपोर्ट नगरकडे किंवा तिथून बायपासकडे जाणारे ट्रक. कारखान्याच्या कुंपणाआत आवाज मोजण्याची कायदेशीर पद्धत आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाची गणना कळवण्याजोग्या व्यावसायिक आजारांत झाली, आणि आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा नियमांत रूढ आहे. कुंपणाबाहेर, त्याच कारखान्याचा माल घेऊन निघालेला ड्रायव्हर त्याहून जास्त तास इंजिनाला जवळजवळ चिकटून बसतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने त्याला आठ तासांचा दिवस दिला, पण त्याच्या कानांवर आदळणाऱ्या आवाजाचा आणि पायांना लागणाऱ्या धगीचा हिशेब कोणी मागत नाही. केबिन हीसुद्धा कामाची जागा आहे, कारखान्याच्या शेडइतकीच, आणि तिच्या भिंती, जमीन आणि छत यांचा विचार त्याच गांभीर्याने व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

या प्रश्नाकडे सरकारचं लक्ष गेलं ते एसीच्या वाटेने. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटांतल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं. त्याची चाचणी आयएस १४६१८ या मानकानुसार होते. हा निर्णय चांगला आहे, आणि खरं तर फार उशिरा आलेला आहे. पण नियम यंत्राबद्दल बोलतो, खोलीबद्दल बोलत नाही. मोठा कॉम्प्रेसर लावून कच्च्या केबिनलाही चाचणीच्या दिवशी पास करता येतं. पाच वर्षांनी रबर फाटलेलं, फेल्ट भिजलेलं आणि दाराच्या कडा सैल झालेल्या असताना तोच कॉम्प्रेसर डिझेल पिऊन गरम हवा थंड करत बसतो, आणि ती थंड हवा फटींतून बाहेर जाते. आवाज तर एसीने कमी होतच नाही. एसीमुळे खिडक्या बंद ठेवता येतात, हा त्याचा आवाजापुरता एकमेव उपयोग. काच बंद झाल्यावर वाऱ्याचा आणि शेजारच्या हॉर्नचा मारा थांबतो, आणि मग जमिनीतून येणारा इंजिनाचा आवाज पहिल्यांदा स्पष्ट जाणवायला लागतो.

आपल्याकडे हा प्रश्न इतका जुना का राहिला, याचं उत्तर ट्रक विकण्याच्या पद्धतीत आहे. टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९५४ मध्ये डायमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि पुढची कित्येक दशकं बहुसंख्य ट्रक चेसिस आणि काऊल, म्हणजे फक्त पुढचा भाग, एवढ्याच रूपात गिऱ्हाइकाला मिळत राहिले. केबिन चढवायचा तो बॉडी-बिल्डर: तमिळनाडूत नामक्कलला, आपल्याकडे गावोगावचे मिस्त्री. लाकडी सांगाडा, वर पत्रा, आतून प्लाय आणि रेक्झिन, आणि ड्रायव्हर व क्लीनर यांच्या मधोमध इंजिनाचं बोनेट. त्यावर गोधडी टाकली की तिसऱ्या माणसाची बैठक तयार. या मिस्त्रींना नावं ठेवण्याची रीत आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. लाकडातून उष्णता पोलादाच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी वाहते, त्यामुळे प्लाय आणि सागाच्या केबिनचं छत नुसत्या पत्र्याच्या छतापेक्षा माणसाच्या डोक्याला जास्त सोसवतं. त्यांची कमजोरी वेगळी होती: सांधे. खिळे-स्क्रूंनी जोडलेला सांगाडा खड्ड्यांवरून दोन-चार वर्षं गेला की खिळखिळा होतो, आणि प्रत्येक सांधा आवाजाला आणि धगीला वाट करून देतो. १९९८ मध्ये व्होल्वोने होस्कोटेला ट्रक बनवायला सुरुवात केली, २०१२ मध्ये भारतबेंझ आली, तेव्हा कारखान्यातच पूर्ण तयार झालेली केबिन कशी असते हे इथल्या ड्रायव्हरांनी जवळून पाहिलं. मध्य प्रदेशात पीथमपूरला १९८६ पासून आणि अलीकडे भोपाळजवळच्या बगरोद्याला आयशरचे ट्रक बनतात, म्हणजे इंद्रपुरीच्या माणसाला हा विषय आता दूरचाही राहिलेला नाही.

केबिनमध्ये आवाज आणि उष्णता बहुतेक वेळा एकाच वाटेने शिरतात, पण त्यांना अडवणारी द्रव्यं एक नाहीत. बाजारात मात्र दोन्हींवर एकच औषध मिळतं: काळा फोम, एका बाजूला चंदेरी कागद, मागे गोंद. तो कोपऱ्याकोपऱ्यात चिकटवला की काम झालं असं समजलं जातं. आधी आवाजाचं पाहू. सहा सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालत असेल, तर सेकंदाला ७५ स्फोट होतात. ७५ हर्ट्झच्या या घुमणाऱ्या आवाजाची तरंगलांबी साडेचार मीटरच्या आसपास भरते, आणि सच्छिद्र पदार्थाने तो शोषून घ्यायचा तर जाडी मीटरभर लागेल. इंचभर फोम त्याला जवळजवळ काहीच करत नाही. फोम शोषतो तो वरच्या पट्टीचा आवाज: टर्बोची शिट्टी, गिअरची किरकिर, इंजेक्टरची टिकटिक. खालचा घुमार अडवायला वजन लागतं. भिंतीचं दर चौरस मीटर वजन दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल जास्त अडतात, हा भौतिकशास्त्राचा जुना नियम आहे. म्हणून चांगल्या केबिनमध्ये जमिनीवर तीन वेगळ्या कामांचे तीन थर असतात. पत्र्याला चिकटलेली डांबरी शीट पत्र्याची थरथर मारते. तिच्यावर मऊ फेल्ट किंवा फोम असतो. त्याच्यावर जड, लवचीक रबरी चादर असते, आणि ती पत्र्याला कुठेही थेट टेकता कामा नये. मधला मऊ थर वरच्या जड थराला खालच्या थरथरीपासून सुटं ठेवतो. तोच दाबून टाकला किंवा स्क्रूने आरपार आवळला की सगळी मांडणी वाया जाते.

पण जड चादरीच्याही आधी भोकं येतात, आणि इथे सगळ्यांत जास्त फायदा सगळ्यांत कमी पैशांत होतो. एखाद्या पडद्यात एक टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीचा पडदा कितीही भारी असो, तो वीस डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. दोन चौरस मीटरची जमीन घेतली तर एक टक्का म्हणजे २०० चौरस सेंटिमीटर, साधारण दोन तळहातांएवढी जागा. जुन्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या पायाशी वाकून पाहिलं तर एवढी जागा सहज सापडते. गिअर लिव्हरच्या मुळाशी रबराचा घडीदार बूट असतो. तो आधी एका घडीवर चिरतो, मग निम्मा गोल फाटतो, आणि त्यातून गिअरबॉक्सवरची माती आणि भट्टीसारखी गरम हवा थेट पिंढरीवर येते. स्टिअरिंगचा दांडा जिथे जमिनीतून खाली जातो तिथलं रबर तेलाने फुगून सैल झालेलं असतं. क्लचच्या पेडलची खाच उघडी. वायरिंगचा जुडगा नेणाऱ्या भोकातलं ग्रोमेट निघून गेलेलं आणि तिथे चिंधी कोंबलेली. बोनेटच्या कडेची रबरपट्टी एका बाजूने सपाट झालेली. या पाच जागा बंद केल्या की आवाज आणि धग दोन्ही एकदम कमी होतात, कारण इथून येते ती प्रत्यक्ष हवा. यांतला एकही भाग महाग नाही, आणि एकासाठीही इंजिन उतरवावं लागत नाही.

उष्णतेचा हिशेब छतापासून करावा लागतो, कारण भोपाळचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारचं ऊन दर चौरस मीटरला जवळपास एक किलोवॉट देतं. केबिनचं छत चार चौरस मीटर धरलं तर त्यावर चार किलोवॉट पडतात. पांढरा रंग त्यातला मोठा भाग परतवतो, गडद रंग बहुतेक सगळा पितो. म्हणजे पहिला उष्णतारोधक रंगाच्या डब्यातच मिळतो. मिलिमीटरभर पोलादाला उष्णता अडवणं जमत नाही. त्याखाली वीस मिलिमीटर चांगला फोम लावला तर छतातून खाली येणारी उष्णता, ढोबळ गणिताने, तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते. ही बचत एसी चालू असो वा नसो, होतच राहते. चंदेरी कागदाबाबत मात्र सर्रास चूक होते. तो उष्णतेचा झोत परतवतो, पण त्याच्यासमोर हवेची पोकळी असली तरच. पत्रा आणि फोम यांच्यामध्ये दाबून बसवलेला कागद हा केवळ आणखी एक धातूचा पापुद्रा होतो. टर्बो आणि एक्झॉस्टच्या बाजूला हीच गोष्ट जीवघेणी ठरू शकते. तिथे हवेचं अंतर सोडून धातूची ढाल आणि तिच्यामागे काचतंतूंचा थर हवा. उघडा फोम तिथे लावला तर तो डिझेल आणि तेल पिऊन बसतो, आणि मग त्याला फक्त ठिणगीची वाट असते. आतल्या सामानाने मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने जळू नये अशी आयएस १५०६१ ची अट आहे, पण टपरीवर विकत घेतलेल्या रोलवर ती कोण तपासणार? पाण्याचंही तसंच. आवाज शोषायला उघड्या छिद्रांचा फोम लागतो, आणि नेमका तोच पावसाळ्यात पाणी धरतो व खालचा पत्रा गंजवतो. बंद छिद्रांचा फोम पाणी धरत नाही, उष्णताही अडवतो, पण आवाज फारसा शोषत नाही. म्हणून छताला एक आणि बोनेटच्या आतल्या बाजूला दुसरा, असा निवाडा जागेप्रमाणे करावा लागतो.

मालकांचा पहिला आक्षेप वजनाचा आणि खर्चाचा असतो. पूर्ण केबिनची नीट मांडणी पन्नास किलोंच्या घरात धरू. २०१८ च्या सुधारणेनंतर सर्वांत मोठ्या जोडगाडीला ५५ टनांपर्यंत परवानगी आहे. त्यात हे पन्नास किलो हजारात एक भागही भरत नाहीत. डिझेलचा आक्षेप तर उलटा लागू होतो. अनेक ठिकाणी फेरीचं डिझेल ठरवून दिलेलं असतं आणि वाचलेलं ड्रायव्हरच्या खिशात जातं, त्यामुळे एसी असूनही तो बंद ठेवण्याचा मोह रोजचा आहे. फेल्ट आणि रबर यांना असं बटण नसतं. शिवाय ड्रायव्हर दिवसा ढाब्यावर गाडी लावून झोपतो तेव्हा इंजिन बंद असतं आणि एसीही बंद असतो. त्या वेळी त्याच्या डोक्यावरचं छत कसं आहे एवढंच उरतं. अर्थात तापलेली केबिन जाड अस्तरामुळे रात्री सावकाश निवते, हेही खरं. म्हणून छताला झडप किंवा पंखा हवाच.

दुसरा आक्षेप अधिक मनापासून घेतला जातो: थंड, शांत केबिनमध्ये ड्रायव्हरला झोप लागेल. झोप लागते ती सोळा-सोळा तास गाडी हाकल्याने, आणि उकाडा व गोंगाट त्या थकव्यात भरच घालतात. उलट अर्धवट कामाचाच धोका मोठा आहे. नुसता फोम चिकटवला की वरच्या पट्टीचे आवाज जातात आणि तो ७५ हर्ट्झचा एकसुरी घुमार तेवढा शिल्लक राहतो. गुंगी आणणारा आवाज कोणता असेल तर तो हाच. तिसरा आक्षेप कानाचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. मुरलेला ड्रायव्हर बेअरिंग जाऊ लागलेलं आवाजावरून ओळखतो, जोडचाकांतलं एक टायर बसलेलं ओळखतो. शांत केबिनमध्ये हे कसब थोडं बोथट होईल, आणि त्याची जागा टायरचा दाब दाखवणाऱ्या यंत्रणेला घ्यावी लागेल. मात्र मागून येणाऱ्या अँब्युलन्सचा भोंगा ऐकू न येण्याचं कारण बहुतेकदा स्वतःच्याच इंजिनाचा आवाज असतो. तो उतरला की भोंगा बुडत नाही. आणि वर्षानुवर्षं ९० डेसिबलजवळ बसलेल्या माणसाचे कान बेअरिंगचा बारीक आवाज फार काळ टिपू शकत नाहीत, कारण आवाजाने होणारा बहिरेपणा आधी वरच्याच पट्टीत शिरतो.

यासाठी नव्याने शोधून काढावं असं फारसं काही नाही. केबिन आणि बॉडीच्या बांधणीसाठी एआयएस-०९३ ही संहिता आहे. अशी मानकं प्रसिद्ध करणारी वाहन संशोधन संस्था एआरएआय पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून काम करते, आणि आवाज व कंपनं मोजण्याची प्रयोगशाळाही तिच्याकडे आहे. कमी आहे ती रस्त्यावरच्या जुन्या गाडीपर्यंत पोचणारी तपासणी. ट्रकला फिटनेस प्रमाणपत्रासाठी ठरावीक काळाने तपासनिसासमोर उभं राहावंच लागतं. तिथे दिवे पाहतात, ब्रेक पाहतात, धूर पाहतात. त्याच यादीत गिअरचा बूट, स्टिअरिंगचं रबर, पेडलच्या खाचा, ग्रोमेट आणि बोनेटची पट्टी या पाच गोष्टी घालाव्यात, आणि एक्झॉस्टजवळ उघडा फोम दिसला तर गाडी परत पाठवावी. यंत्र लागत नाही, बॅटरी आणि खाली वाकण्याची तयारी पुरते. सुटे भाग शहरातच मिळतात, आणि कोकत्यासारख्या ट्रान्सपोर्ट नगरातला मिस्त्री ते अर्ध्या दिवसात बसवू शकतो. त्यानंतर आवाज मोजायचा तो चालत्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या कानाच्या उंचीवर, काचा बंद ठेवून, आणि भेलच्या शेडमध्ये ज्या मर्यादेशी तो ताडून पाहतात त्याच मर्यादेशी.