हाताची किंमत कोण ठरवितो ?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या पांढरपेशा घरांतून इतकी मुरलेली आहे कीं, ती कोणत्या प्रसंगीं लागू पडते व कोणत्या प्रसंगीं पडत नाहीं, याचा विचार करण्याचेंही आपण सोडून दिलें आहे. भावाभावांतील वाटणी किंवा शेजाऱ्याची भिंत अशा तंट्यांत ती खरी असेल. परंतु रस्त्यानें सरळ जाणाऱ्या माणसास मोटारीचा धक्का बसतो, त्याचा हात किंवा पाय कायमचा अधू होतो, आणि घरांतील वडील मंडळी "जीव वांचला हेंच पुष्कळ, आतां कोर्टकचेरी नको" असें म्हणून मोटारवाल्यानें दवाखान्यांत आणून दिलेले दहा-वीस हजार रुपये घेऊन गप्प बसतात, तेव्हां त्या म्हणीपायीं घरांतल्याच माणसावर अन्याय होतो, असें आम्हांस स्पष्ट म्हणणें भाग आहे.

पुष्कळांस मोटारवाल्याची दया येते. "तोही बिचारा बायकामुलांचा धनी, त्यास कशाला बुडवावें ?" अशी आपली सात्त्विक भाषा असते. परंतु प्रत्येक मोटारीचा त्रयस्थाच्या नुकसानीपुरता विमा, म्हणजे लोक ज्यास 'थर्ड पार्टी' म्हणतात तो, कायद्यानें सक्तीचा आहे. आणि विमा रीतसर असला म्हणजे भरपाई विमा कंपनी देते. ज्या प्रसंगासाठीं ती कंपनी वर्षानुवर्षें हप्ते घेत आली, तोच हा प्रसंग होय. तेथें संकोच कसला ?

अपघातांत दगावलेल्या माणसाच्या कुटुंबास भरपाई मिळावी हें तत्त्व आपल्याकडे १८५५ च्या कायद्यानें आलें. पण त्यासाठीं दिवाणी दावा लावावा लागे, आणि प्रतिवादी निष्कांचन निघाला तर हातीं हुकूमनाम्याचा कागद तेवढा राही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीच्या विम्याची तरतूद केली, १९५६ च्या दुरुस्तीनें अशा दाव्यांसाठीं वेगळीं न्यायाधिकरणें निघालीं, आणि आज १९८८ चा कायदा लागू आहे. अपघात झाला त्याच गांवीं खेपा घातल्या पाहिजेत असेंही नाहीं. नाशिकच्या गृहस्थास सोलापूरच्या रस्त्यावर अपघात झाला, तरी त्यास आपला अर्ज नाशिक येथें करतां येतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. जखम भरल्यावर डॉक्टरांचा अपंगत्वाचा दाखला मिळतो व त्यावर टक्क्यांचा एक आंकडा असतो. घरच्यांची समजूत अशी होते कीं, दाखल्यावर चाळीस टक्के आहेत म्हणजे मिळकतीच्या चाळीस टक्क्यांची भरपाई मिळणार. विमा कंपनीचे वकील म्हणतात कीं, हे चाळीस टक्के एका पायाचे आहेत, सबंध देहाचे नव्हेत. तेव्हां हिशेब पंधरा-वीस टक्क्यांवर आणा. त्यांचें म्हणणें शास्त्रदृष्ट्या अगदींच खोटें नाहीं. परंतु हे दोन्ही हिशेब अपुरे आहेत. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका निकालांत हा विषय फार स्वच्छ रीतीनें उलगडून ठेविला आहे. देहाचें किती टक्के नुकसान झालें हा एक प्रश्न, आणि त्यामुळें त्या विशिष्ट माणसाची कमाईची शक्ति किती गेली हा दुसरा प्रश्न. भरपाई ठरते ती दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून. न्यायालयाचेंच उदाहरण पाहा. डावा हात तुटला तर शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरलें जाईल. पण तो माणूस सुतार किंवा मोटारचालक असेल आणि तें काम त्यास पुनः करतां येत नसेल, तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. तोच सरकारी कचेरींतला कारकून असेल, तर त्याची नोकरी कदाचित् टिकेल, पगारही टिकेल, आणि कमाईचें नुकसान पुष्कळच कमी धरलें जाईल.

याच न्यायानें आपल्या ओळखीच्या घरांकडे पाहावें. एका भिक्षुकाचा गुडघा अपघातानंतर पुरता वळेनासा झाला अशी कल्पना करा. दाखल्यावर वीस टक्के लिहिले जातील. पण सत्यनारायणापासून लघुरुद्रापर्यंत ज्याचा सारा व्यवसाय मांडी घालून बसण्यावर चालतो, त्याला वीस टक्क्यांचा हिशेब काय कामाचा ? तबल्याच्या शिक्षकाचें बोट आणि गणिताच्या शिक्षकाचें बोट, डॉक्टरांच्या तक्त्यांत एकच. पण पोटाच्या हिशेबांत एक नव्हे.

त्या भिक्षुकाचाच हिशेब मांडून पाहूं. वय ३८, मासिक प्राप्ति २०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २,४०,०००. स्वतंत्र धंदा करणारा चाळिशीच्या आंतला असल्यास पुढील वाढीबद्दल त्यांत ४० टक्के मिळवावे, असें २०१७ च्या घटनापीठाच्या निकालानें ठरलेलें आहे. ती रक्कम ३,३६,००० झाली. वयावरून एक गुणक ठरतो. २००९ च्या निकालांतील कोष्टकाप्रमाणें ३६ ते ४० या वयास १५ हा गुणक आहे. आतां कमाईची शक्ति वीस टक्के गेली असें धरलें तर १०,०८,००० रुपये होतात. निम्मी गेली असें सिद्ध केलें तर २५,२०,०००. औषधोपचार, वेदना, बुडालेले दिवस यांची भरपाई निराळी. पंधरा लाखांचें हें अंतर केवळ एवढ्यावर अवलंबून आहे कीं, गुडघा न वळल्यामुळें आपलें काय अडतें, हें त्या गृहस्थानें न्यायाधिकरणापुढें नीट सांगितलें कीं नाहीं.

तें सांगावयाचें तर पुरावा हवा. पगारदाराचें काम सोपें. त्याची पावती असते. भिक्षुक, शिकवणी घेणारा, घरगुती खानावळ चालविणारी बाई यांनीं आयकराचीं विवरणपत्रें, बँकेचें पुस्तक, कामाची टिपणवही, नेहमींच्या यजमानांची किंवा गिऱ्हाइकांची साक्ष यांवर भिस्त ठेवावी. दाखल्याविषयीं एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. ज्यानें उपचार केले तो डॉक्टर साक्षीस येऊन प्रत्यक्ष अडचण समजावून सांगेल, तर तिला वजन येतें. रोग्यास कधींही न तपासतां तयार दाखले देणारे वैद्यकीय गृहस्थ असतात, त्यांच्यापासून सावध राहावें असें २०१० च्या त्याच निकालांत न्यायाधिकरणांस बजाविलें आहे. आमच्या मतें हा इशारा अर्जदारांसही तितकाच लागू आहे.

गृहिणीच्या बाबतींत तर अन्यायाचा आरंभ घरांतूनच होतो. अर्जांत व्यवसायाचा रकाना येतो, आणि यजमान सहज सांगतात, "कांहीं करीत नाहीं, घरींच असते." वकील लिहितात, "व्यवसाय : नाहीं." झालें ! पहाटे दूध तापविण्यापासून रात्रीं विरजण लावण्यापर्यंतचा सारा दिवस त्या दोन शब्दांत पुसला गेला. न्यायालयें मात्र या बाबतींत आपल्याहून पुढें गेलीं आहेत. १९८९ सालीं जमशेदपूर येथील पोलाद कारखान्याच्या समारंभांत आग लागून पुष्कळ स्त्रिया व मुलें दगावलीं. त्या प्रकरणीं २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गृहिणीच्या श्रमांचें मोल दरमहा ३००० रुपये धरलें. २०१० सालच्या दुसऱ्या एका निकालांत न्यायमूर्ति गांगुली यांनीं, २००१ च्या जनगणनेंत घरकाम करणाऱ्या स्त्रियांस भिकारी व कैदी यांच्या पंक्तीस बसविलें होतें, याकडे खेदानें लक्ष वेधलें. आणि जानेवारी २०२१ च्या निकालांत तर, २०१९ च्या एका पाहणीचा आधार घेऊन, स्त्रिया घरच्या बिनपगारी कामांत दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें घालवितात व पुरुष ९७, असा आंकडाच नमूद झाला. २९९ मिनिटें म्हणजे पुरते पांच तासही नव्हेत ! हा आंकडा वाचून आमच्या वाचकभगिनी हंसतील याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तरीही गृहिणीच्या कामास काल्पनिक उत्पन्न धरून त्यावर पुढील वाढही द्यावी, हें त्या निकालानें पक्कें केलें.

म्हणून गृहिणीस इजा झाली तर व्यवसायाच्या रकान्यांत 'गृहिणी' असें ठळक लिहावें. तिचा हात बरा होईपर्यंत, किंवा कायमचाच, स्वयंपाकास बाई ठेवावी लागली, तर तिचें वेतन किती व कोणत्या तारखेस दिलें याची नोंद करून तिची सही घ्यावी. त्या बाईला दिलेला प्रत्येक रुपया हा गृहिणी काय करीत होती याचा पुरावा आहे.

मुदतीविषयीं ढिलाई करूं नये. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज करावा अशी अट आहे. ती न्याय्य आहे कीं नाहीं यावर न्यायालयांत वाद झाले असले, तरी सुज्ञानें त्या वादावर आपला संसार टांगूं नये. पोलिसांत फिर्याद त्वरित नोंदवावी, पंचनाम्याची नक्कल घ्यावी, दवाखान्यांतून सुटतांनाचा कागद, क्ष-किरणांचीं चित्रें व औषधांचीं बिलें एका पिशवींत ठेवावीं. मोटारवाल्याशीं दवाखान्याच्या दारांत कागदावर सही करून 'आपसांत मिटलें' असें मुळींच लिहून देऊं नये. धक्का देणारी मोटार पळून गेली व सांपडलीच नाहीं, तरी हताश होण्याचें कारण नाहीं. त्याच तारखेपासून अशा प्रसंगीं गंभीर दुखापतीस ५०,००० व मृत्यूस २,००,००० रुपये सरकारी योजनेंतून मिळतात.

एक गोष्ट मात्र आधींच पाहून ठेवावी, कारण अपघातानंतर ती सुधारतां येत नाहीं. पति स्कूटर चालवीत आहे, पत्नी मागें बसली आहे, आणि गाडी स्वतःच घसरली. केवळ कायद्यापुरती पॉलिसी असेल तर मागें बसणाऱ्या व्यक्तीस तींतून संरक्षण नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा निर्णय आहे. विम्याच्या हप्त्यांत कांहीं शेंकडे रुपये वांचविणाऱ्या गृहस्थांनीं आपल्या मागें कोण बसतें याचा विचार करावा.

वकिलाच्या खर्चाची भीति अनेकांस वाटते. १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें स्त्रियांस व अपंगांस, त्यांची मिळकत कितीही असली तरी, मोफत वकील मिळूं शकतो; जिल्हा न्यायालयांतील विधि सेवा प्राधिकरणाच्या कचेरींत त्यासाठीं अर्ज करावा लागतो. लोकअदालतींत तडजोड लवकर होते हें खरें. पण तेथें झालेला निवाडा अखेरचा असतो, त्यावर अपील नाहीं. तेव्हां तेथें जाण्यापूर्वीं वर दाखविलेला हिशेब घरीं बसून दोन वेळां करावा. मृत्यूच्या दाव्यांत "आयुर्विम्याचे पैसे मिळालेच आहेत, आतां भरपाई कमी होईल" अशी भीति घालणारे भेटतात. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका प्रकरणांत १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आयुर्विम्याची रक्कम भरपाईंतून वजा करतां येत नाहीं असें सांगितलेलें आहे.

निवाडा झाल्यावर सगळी रक्कम एकदम हातीं येईलच असें नाहीं. न्यायाधिकरण पुष्कळदां तिचा मोठा भाग बँकेंत मुदतठेवींत ठेवण्याचा हुकूम करतें व व्याज तेवढें अर्जदारास नियमित मिळत राहतें. नातलगांस हें जाचक वाटतें. पण अधू झालेल्या माणसाच्या नांवचा पैसा पुतण्याच्या धंद्यांत किंवा मेव्हण्याच्या घरबांधणींत कसा जातो, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस त्या हुकुमाचें मर्म सांगावयास नको. शस्त्रक्रिया किंवा तसेंच खरें कारण पुढें आलें, तर ठेव मुदतीपूर्वीं मोडण्यासाठीं त्याच न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करतां येतो. सोबत डॉक्टरांच्या खर्चाच्या अंदाजाचा कागद जोडावा.