लक्ष्य सुटण्याआधीचे तेरा तास

पहाटे ३:००

गाय अजून झोपेत आहे. तिला उठवलेलं आवडलेलं नाही. माउसी कासेला कोमट पाणी लावते, थोपटते, पुन्हा बसते. रोजचं दीड लिटर निघत नाही. लिटरभरावर थांबावं लागतं.

ओडिशाचा बालेश्वर जिल्हा, चांदीपूरचा किनारा. बुधवार, २४ जुलै २०२४. पहाटे चारला घर सोडायचं आणि सांगेपर्यंत छावणीतून हलायचं नाही, असा निरोप घरोघर येऊन गेला आहे. एलसी-३ या क्षेपणास्त्र प्रक्षेपण तळापासून साडेतीन किलोमीटरच्या आतली १० गावं आज चाचणीसाठी रिकामी होणार. माणसं १०,५८१. माउसी त्यांतली एक. वय पन्नाशीच्या पुढे. अख्ख्या गावाची ती माउसी.

गाय मात्र घरीच राहणार. तिच्यापुढे पेंढ्याचे दोन भारे, पाण्याच्या दोन बादल्या. वासरू रोज वेगळं बांधतात. आज मोकळं सोडलंय, नाहीतर दिवसभर उपाशी राहील. म्हणजे संध्याकाळचं दूध गेलं.

पहाटे ४:००

रस्त्यावर बॅटऱ्यांचे उजेड. म्हातारी माणसं टोटोत बसतात. टोटो म्हणजे बॅटरीवर चालणारी रिक्षा. माणशी वीस रुपये. माउसी चालत निघते. एका हातात पखाळीचा डबा, कालचा भात पाण्यात भिजवलेला. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात पासबुक, आधार कार्ड आणि वाळक्या गवताची एक जुडी.

वाटेत तिचा बरज लागतो. बरज म्हणजे पानमळा. बांबूचे खांब, तागाच्या काड्यांच्या भिंती, वर गवताचं विरळ छप्पर. चार-पाच गुंठ्यांचा असेल. आत रात्रीच्या पावसाचं पाणी साचलंय. वेलीच्या मुळाशी पाणी थांबलं की मूळ कुजतं. माउसी डबा खाली ठेवते, भिंतीला टेकवलेली कुदळ घेते आणि चराच्या तोंडाचा गाळ ओढायला लागते.

"माउसी, चला. उशीर होतोय." यादीवाला कर्मचारी.

"झालंच, बाबू."

आणखी पाच-सहा घाव. पाणी वाहायला लागतं. कुदळ जागच्या जागी ठेवून ती निघते.

५:३०

शाळा आज छावणी आहे. दारात टेबल, टेबलावर याद्या. नाव, घरातली माणसं, बँकेचा खातेक्रमांक. प्रौढ माणसामागे दिवसाचे ३०० रुपये. रोजगार हमीची मजुरी ओडिशात यंदा २५४ आहे, म्हणून ही रक्कम इथे कुणी हसण्यावारी नेत नाही. माउसी आपलं नाव सांगते, नवऱ्याचं सांगते, दोन्ही ठिकाणी पासबुकातला आकडा स्वतः पडताळून बघते. मग वर्गात जाऊन खिडकीखालची जागा धरते.

८:००

चहा दहा रुपये. ती घेत नाही. पोरं मैदानात, शिकवणी नाही म्हणून खूश.

१०:३०

एरवी या वेळी ती बरजात असते. पानं खुडायची, लहान-मोठी वेगळी करायची, मोजून गड्ड्या बांधायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. दुपारी बेपारी येतो. आज तो येणार नाही. तयार पान वेलीवर राहिलं की जून होतं, आणि जून पानाला भाव कमी.

हात मोकळे ठेवायची तिला सवय नाही. पिशवीतली गवताची जुडी काढते, त्यावर पाणी शिंपडते आणि बंध वळायला लागते. वेल खांबाला बांधायला हे बंध लागतात. सुतळी चालत नाही, कोवळ्या देठाला काचते. शेजारच्या दोघी न सांगता जुडीतली पाती उचलतात. तासाभरात तीन ढीग होतात. सरकारी दिवसातला एवढा तास तिने आपल्याकडे ओढून घेतला, याचं मला कौतुक वाटलं.

१२:१५

माउसीचा भाचा बालेश्वरला आयटीआयमध्ये शिकतो. त्याला विचारायला आज सगळेच येतात.

"आज दोन सुटणार, माउसी. एक तिकडून धामऱ्याकडून. ते शत्रूचं आहे असं समजायचं. दुसरं इथून, त्याला पाडायला."

"म्हणजे ते पहिलंही आपलंच?"

"आपलंच."

"आणि पाडायचं?"

"त्यासाठीच बनवलेलं असतं."

भाचा बरोबर सांगतोय. लक्ष्य म्हणून सोडलेलं क्षेपणास्त्र शत्रूच्या अस्त्रासारखंच उडावं लागतं, तसंच उंच चढावं लागतं, तशाच वेगाने खाली यावं लागतं. तरच रडारची आणि पाडणाऱ्या क्षेपणास्त्राची खरी परीक्षा होते. २७ नोव्हेंबर २००६ रोजी या किनाऱ्यावरून 'पृथ्वी' असंच लक्ष्य होऊन उडालं आणि सुमारे ४८ किलोमीटर उंचीवर पाडलं गेलं. २००९ मध्ये जहाजावरून 'धनुष' सोडलं होतं. आजची चाचणी क्षेपणास्त्र-संरक्षण कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यातली, ५,००० किलोमीटर पल्ल्याच्या अस्त्रांपासून बचाव करण्याची. एका दुपारसाठी अख्खं क्षेपणास्त्र घडवायचं. माउसीला हे पटायला वेळ लागतो. खर्च किती आला असेल, हे ती दोनदा विचारते. भाच्याला माहीत नाही.

१:३०

पखाळ, कांदा, मिरची, भाजलेली सुकी मासळी. डबा चौघींत फिरतो.

माउसीचं माहेर बलियापाळ, याच जिल्ह्यातलं. १९८५च्या सुमारास क्षेपणास्त्र चाचणी तळासाठी तिथली जमीन घ्यायचं सरकारने ठरवलं होतं. पानाच्या, नारळाच्या, भाताच्या जमिनी. लोकांनी रस्ते अडवले. सरकारी गाडी दिसली की शंख फुंकायचे, थाळ्या बडवायच्या. माउसी तेव्हा शाळकरी होती. थाळी बडवून पोचे आले म्हणून आईचा मार खाल्ला, हे ती आजही तक्रारीच्या सुरात सांगते. तळ बलियापाळला झाला नाही. ती लग्न होऊन चांदीपूरच्या तळाशेजारी आली.

३:००

नवरा सिमेंटच्या ओट्यावर झोपलाय. बलरामगडी बंदरातल्या ट्रॉलरवर तो खलाशी आहे. आज बोट बांधलेली. बोट निघाली नाही तर वाटा नाही.

किती वाजता सुटणार, कुणी सांगत नाही. हवा बिघडली तर आज होणारही नाही, असं कुणीतरी म्हणतं. मग उद्या पुन्हा पहाटे चार? वर्ग गप्प होतो. गाय, चर, पानं, सगळ्यांच्या मनात आपापलं काही ना काही.

४:२०

धामऱ्याच्या एलसी-४ वरून लक्ष्य सुटतं. छावणीत कुणाला काही दिसत नाही. तळ दक्षिणेला, फार लांब. जमिनीवरची आणि समुद्रातली रडारं त्याला पकडतात. इथे एक बाई नातीची वेणी घालतेय.

४:२४

गडगडाट. खिडकीची झडप थरथरते. सगळे मैदानात धावतात. झाडांच्या शेंड्यांवरून धुराचा पांढरा खांब चढत जातो, वर वाकतो, ढगात शिरतो. पोरं ओरडतात. भाचा मोबाइल उंच धरून उभा. एलसी-३ वरचं हे क्षेपणास्त्र दोन टप्प्यांचं, घन इंधनावर चालणारं. चाचणीची सगळी उद्दिष्टं साध्य झाल्याचं संरक्षण मंत्रालय नंतर जाहीर करील. माउसीने हे आधीही पाहिलंय, तरी ती धूर विरेपर्यंत मान वर करून उभी राहते. मग म्हणते, "लागलं का रे त्याला?"

५:४५

परत जायची परवानगी मिळते. आता टोटोला गर्दी. माउसीही वीस रुपये देते. अंधाराच्या आत बरज गाठायचा आहे.

६:१०

चर वाहतोय. पाणी बरंच उतरलंय, पण मधल्या दोन ओळींत अजून चिखल आहे. ती वाकून वेलीचा बुंधा दोन बोटांत दाबते. घट्ट आहे. पुढचा दाबते. बाहेर येऊन बेपाऱ्याला फोन लावते.

"उद्या या."

"दहाला येतो. पानं खुडून ठेवा."

दहाच्या आत एकटीने व्हायचं नाही. छावणीत शेजारी बसलेल्या दोघींच्या दारात ती जाते. सकाळी पाचला या, अर्ध्या दिवसाची मजुरी देते. एक लगेच हो म्हणते. दुसरी म्हणते, आधी गोठा बघते, मग सांगते.