कॉम्प्युटरचा फॅन रात्रभर घरघरतोय? नवा घेण्याआधी ‘या’ गोष्टी तपासा!

रात्री टीव्ही बंद होतो, गल्लीतली वर्दळ थांबते आणि मग टेबलाखालच्या कॉम्प्युटरची घरघर जास्तच ऐकू यायला लागते. झोपायची आणि कामाची खोली एकच असेल, तर हा आवाज घरातल्या रोजच्या कुरबुरीचं कारण ठरतो. मग काही जण वैतागून फॅनची वायरच काढून टाकतात. इथेच घोळ होतो!

फॅन हवाच कशाला?

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जी वीज खातात, तिची शेवटी उष्णताच होते. ती बाहेर गेली नाही, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर मशीन बंद पडतं. बहुतेक प्रोसेसरसाठी ही मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते.

फॅन खोलीतलीच हवा आत ओढतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये शांत असणारा तोच कॉम्प्युटर विदर्भातल्या मे महिन्यात घोंगावतो, यात नवल नाही.

मोठा फॅन, कमी आवाज

८० मिमीच्या छोट्या फॅनला जेवढी हवा ढकलायला जोरात फिरावं लागतं, तेवढीच हवा १२० किंवा १४० मिमीचा फॅन सावकाश फिरून देतो.

आवाजाचं गणित तर आणखी मजेशीर आहे. फॅनचा वेग निम्मा केला, की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. एकसारखे दोन फॅन लावले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे १५०० आरपीएमच्या एका फॅनऐवजी ७५० आरपीएमचे तसेच दोन फॅन शेजारी शेजारी लावले, तर हवा जवळपास तेवढीच मिळते, पण आवाज साधारण १२ डेसिबलने कमी होतो!

खोक्यावर काय वाचायचं?

हवा किती वाहते ते ‘सीएफएम’ या आकड्यावरून कळतं. पण समोर दाट जाळी किंवा रेडिएटर असेल, तर ‘स्टॅटिक प्रेशर’ जास्त असलेला फॅन बघावा. बेअरिंगही महत्त्वाचं. स्लीव्ह बेअरिंग स्वस्त असतं, पण त्यातलं वंगण सुकलं की खरखर सुरू होते. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग थोडं महाग, पण शांत आणि टिकाऊ.

३ पिन की ४ पिन?

३ पिनच्या फॅनचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतात. व्होल्टेज फारच उतरलं, तर तो फिरायलाच लागत नाही. ४ पिनच्या फॅनला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि वेगाचा आदेश चौथ्या तारेतून जातो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. यात फॅन अगदी कमी वेगातही नीट चालतो.

मदरबोर्डवर पीडब्ल्यूएम निवडलेलं असेल आणि फॅन ३ पिनचा असेल, तर तो सतत पूर्ण वेगाने पळतो. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन ‘डीसी’ मोड निवडला, की एक रुपयाही न खर्चता आवाज कमी होतो.

फॅन कर्व्ह म्हणजे काय?

किती तापमानाला किती वेग, हे बायोसमध्ये ठरवता येतं. उदाहरणार्थ, ५० अंशांपर्यंत ४० टक्के, ७० अंशांना ६० टक्के आणि ८५ अंशांना पूर्ण वेग. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, खरा त्रास होतो तो सतत चढ-उतार करणाऱ्या आवाजाचा. म्हणून वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असेल, तर तीही चालू करावी.

खर्च करण्याआधी

कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा आणि जाळ्या व पाती ब्रशने साफ करा. ब्लोअर वापरणार असाल, तर पाती हाताने धरून ठेवा, नाहीतर ती नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, त्यावर कापडही झाकू नका.

आधी धूळ, मग बायोस आणि तरीही घरघर थांबली नाही, तरच नवा फॅन! या क्रमाने गेलात, तर कदाचित दुकानात जायची वेळच येणार नाही.