मलिद्याचं ताट आणि वंशाचा दाखला

डोंबिवली-कल्याणच्या कुठल्याही सोसायटीत चार घरं सोडून एक मुलगा किंवा मुलगी टोरांटोला, नाहीतर सिडनीला असते. ‘तिकडे रमायचं तर लवकर तिकडचं होऊन जा,’ हा सल्ला त्यांना हमखास मिळतो. हा सल्ला अर्धवट आहे, आणि त्याचा पुरावा ठाण्यातच सापडतो. टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं सिनेगॉग आहे, ते बेने इस्रायलींचं. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे मराठी ज्यू. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्रायलला गेले. खरं तर स्वधर्मीयांच्याच देशात गेले, म्हणजे रुजणं सोपं असायला हवं होतं. पण १९५१-५२ मध्ये भेदभावाला विटून त्यांच्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि भारतात परत पाठवा अशी मागणी केली. पुढे तिथल्या ज्यू धर्मपीठाने लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासायचा फतवा काढला. आंदोलन झालं, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला.

या सगळ्या काळात त्यांनी मराठीपण सोडलं नव्हतं. लग्नकार्यात आणि नवस फेडताना एलियाहू हन्नवी या प्रेषिताच्या नावाने मलिदा होतच राहिला: गोड पोहे, त्यात खोवलेलं ओलं खोबरं, भोवती फळं. पुढे तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. म्हणजे त्यांचा जीव जाळला तो दारात मागितलेल्या दाखल्याने. ताटातल्या पोह्यांनी नव्हे. जॉन बेरी आणि सहकाऱ्यांनी तेरा देशांतल्या स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही आपलं आणि तिथलं दोन्ही धरून चालणारी मुलं मनाने अधिक स्वस्थ दिसली, आणि भेदभाव सोसणाऱ्यांचं स्वास्थ्य खालावलेलं दिसलं.

आपलं धरून बसलं की माणसं आपल्याच कोंडाळ्यात अडकतात, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. केवळ मराठी मंडळापुरतं जगणारेही असतात. पण बेने इस्रायलींची पुढची पिढी हिब्रूत शिकली, सैन्यात गेली. मलिदा आड आला नाही; आड आला तो दाखला. म्हणून न्यू जर्सीच्या गणपतीतली गर्दी पाहून तिकडे सगळं आलबेल आहे असं समजण्यात अर्थ नाही. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षं जेमतेम सरकते. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा आईवडिलांच्या व्हिसावरचा हक्क एकविसाव्या वर्षी संपतो, आणि तोवर कार्ड हाती आलं नसेल तर ज्या गावात ती वाढली तिथेच राहण्यासाठी त्यांना वेगळा व्हिसा शोधावा लागतो.