पन्नाशीनंतर पुन्हा मोटारसायकल : आधी पाय टेकतो का ते पाहा

एरवी मी तुमच्याशी बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. गावोगाव फिरताना हल्ली एक प्रश्न वरचेवर कानांवर येतो. मुलगी सासरी गेली, मुलगा हाताशी आला, सोसायटीचे कर्ज फिटले, की पंचावन्न वर्षांचे गृहस्थ मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "साहेब, ती लांब, बसकी गाडी कशी असते हो? क्रूझर का काय म्हणतात ती. पुन्हा मोटारसायकल घ्यावी म्हणतो." विचारणाऱ्याने तरुणपणी राजदूत नाहीतर येझदी दामटलेली असते. मधली दहा-पंधरा वर्षे मात्र जीपमध्ये, एस.टी.त किंवा मुलाच्या मागे बसून गेलेली असतात.

मीही त्यांच्यातलाच. १९९४ साली नोकरीला लागलो तेव्हा एक जुनी राजदूत घेतली. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचे, प्लग काढून घासायचा, पावसाळ्यात काळ्या रानातून आलो की मडगार्डमधला चिखल काडीने उकरायचा, अशी पंधरा वर्षे काढली. २००९ साली चारचाकी आली आणि मोटारसायकल सुटली. पण मनात होती.

गेल्या वर्षी एका मित्राने आपली बुलेटच्या जातीची साडेतीनशे सी.सी.ची नवी गाडी दोन दिवस वापरायला दिली. मी मंडळींना मागे बसवून बाजाराला गेलो. येताना कालव्याच्या पुलाजवळ समोरून उसाची ट्रॉली आली, म्हणून गाडी कडेला घेऊन थांबलो. उजवा पाय ब्रेकवर, डावा पाय खाली सोडला, तर खाली जमीनच नाही! साईडपट्टी खचलेली होती. माझी उंची पाच फूट चार इंच. पाय चार बोटे कमी पडला. गाडी एकदा कलली की हाताने आवरत नाही. दोघेही खाली आलो. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण मंडळींच्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. त्या दिवसांत भाकरी मी थापत होतो, त्यावरून तुम्ही काय ते समजा.

चूक गाडीची नव्हती, माझ्या हिशेबाची होती. आपल्याकडे वाहन डावीकडून चालते, आणि रस्त्याचा उतारही डाव्या कडेला असतो. नऊवारी असो की पाचवारी, बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, तेही डावीकडेच. म्हणजे गाडी थांबते तेव्हा उतार डावीकडे, मागच्या माणसाचा भार डावीकडे, आणि टेकायचा पायही डावाच. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर एकट्याने बसून पाहिले, तर यातले काहीच कळत नाही.

बैल घेताना आपण नुसते शिंगे रंगवलेली पाहून पैसे मोजतो का? दात पाहतो, चालवून पाहतो, जू मानेवर घेतो की नाही हे पाहतो. गाडीचेही तसेच करावे. घरच्या माणसाला बरोबर न्या आणि मागे बसवा. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला, उतारावर उभी करायला लावा. दोन्ही पायांची टाच टेकली पाहिजे, नुसता चवडा टेकून उपयोग नाही. मग खाली उतरून गाडी हाताने दहा पावले मागे ढकला. दम लागला, तर ती गाडी तुमची नव्हे, मग विक्रेता कितीही गोड बोलो.

आता थोडे आकडे. बुलेटच्या घराण्यातील क्लासिक ३५० या गाडीची बैठक जमिनीपासून ८०५ मिलिमीटर आणि तेल-पेट्रोलसह वजन १९५ किलो. त्याच कारखान्याची मीटिऑर ३५० ही २०२० साली आलेली क्रूझर. तिची बैठक ७६५ मिलिमीटर, वजन १९१ किलो. बजाजची अ‍ॅव्हेंजर २००५ सालापासूनची. तिच्या २२० सी.सी.च्या क्रूझ गाडीची बैठक ७३७ मिलिमीटर, वजन १६३ किलो. म्हणजे क्लासिकपासून अ‍ॅव्हेंजरपर्यंत बैठक जवळजवळ सात सेंटिमीटर खाली येते आणि वजन ३२ किलोने घटते. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते. सव्वाचार गोण्या कलल्या तर सावरायच्या की साडेतीन, हे आपापल्या कमरेला विचारावे.

ताकदीच्या मागे फार लागू नये. आपल्या रस्त्यांवर साठच्या पुढे काटा नेण्याची सोय कितीशी आहे? किमतीच्या दृष्टीने एवढे ध्यानात ठेवा की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला.

बसक्या गाडीचे अवगुणही सांगितले पाहिजेत. तिच्यावर पाय पुढे सोडून आरामात बसता येते, डांबरी रस्त्यावर पाठ सुखावते. पण पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की फूटरेस्टवर उभे राहून अंग उचलता येत नाही. सगळा दणका थेट मणक्यात जातो. ज्यांना कंबरेचा जुना त्रास आहे आणि रोज तीन-चार किलोमीटर पाणंदीतून जावे लागते, त्यांनी ही गाडी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ती लांब असते. स्प्लेंडरपेक्षा अ‍ॅव्हेंजरच्या दोन चाकांतले अंतर चांगले वीतभर जास्त आहे, त्यामुळे बांधावरच्या अरुंद वाटेत ती एका दमात वळत नाही. दुधाच्या किटल्यांसाठीही ती नाही. त्या कामाला घरातली शंभर सी.सी.ची गाडीच बरी.

दुसरी गोष्ट जुन्या सवयींची. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. ज्यांचा हात तिच्यावर बसला, त्यांचा पाय घाबरला की अजूनही चुकीकडे जातो. राजदूतवाले आम्ही पुढचा ब्रेक जवळजवळ धरतच नव्हतो. आता १२५ सी.सी.वरच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे आहे, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकून घसरत नाही. त्यामुळे पुढचा ब्रेक वापरायला शिका. मात्र मुरमावर हँडल वळलेले असताना तो दाबू नका, कारण तिथे हे यंत्रही पडण्यापासून वाचवील याची खात्री नाही. सुगी झाल्यावर मोकळ्या खळ्यावर किंवा शाळेच्या मैदानावर आठवडाभर अगदी सावकाश आठचा आकडा काढत राहा. पोरे हसतील. हसू द्या.

गाडी पडलीच, तर वाकून ओढू नका. आधी इंजिन बंद करा. उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. मग गाडीकडे पाठ करून बैठकीला टेकून बसा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरा, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठा. कमरेवर ताण येता कामा नये.

परवाना तपासा. मुदत संपून वर्ष उलटले असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याच फेरीत डोळेही दाखवून घ्या. संध्याकाळी समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरून दिसत असेल, तर मोतीबिंदूची शंका घ्यावी. हेल्मेट आय.एस.आय.चेच घ्या आणि दोन घ्या.

मी शेवटी दोन वर्षे वापरलेली अ‍ॅव्हेंजर घेतली. कर्जाचा बोजा पुस्तकावरून उतरल्याचे पाहून मगच पैसे दिले. व्यवहाराच्या आधी मंडळींनी अट घातली होती, "अहो, मी बसून बघितल्याशिवाय सही करायची नाही." आता त्या पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसतात, आणि पाठीला मागची गादी टेकते. पहिला महिना बसल्याच नव्हत्या. मनगट थंडीत अजून दुखते. परवा त्याच कालव्याच्या पुलाजवळ ट्रॉली दिसली, तेव्हा मागून आवाज आला, "थांबायचं असेल तर आधी सांगा." मी सांगितले, साईडपट्टी सोडून डांबरावरच थांबलो, आणि दोन्ही टाचा टेकल्या.