दारोदारीची दोन वर्षं

१८५२ साली मॉर्मन पंथाच्या प्रचारकांनी दोन दूरच्या गावी एकदमच पाय ठेवला. एक हॅम्बर्ग आणि दुसरं आपलं पुणे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक त्या साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. लष्कराच्या हद्दीत उपदेश करायला त्याला मनाई झाली, तेव्हा त्याने छावणीबाहेर बिऱ्हाड केलं आणि मूठभर माणसांची मंडळी उभी केली. काही वर्षांत तो निघून गेला आणि ती मंडळीही विरली. हॅम्बर्गमध्ये त्याच वर्षी मॉर्मन ग्रंथाचं जर्मन भाषांतर छापून झालं आणि डॅनियल कार्नने बाराएक जणांची मंडळी जमवली. त्यालाही तुरुंग आणि हद्दपारी चुकली नाही. पण पुण्यातला धागा तुटला तसा हॅम्बर्गमधला तुटला नाही. मधले युद्धाचे खंड सोडले तर गेली पावणेदोनशे वर्षं प्रचारक जर्मनीत येतात, दोन वर्षं दारोदार फिरतात आणि परत जातात. या फिरण्याने जर्मनीचं किती बदललं, हा प्रश्न मला फारसा मोठा वाटत नाही. फिरणाऱ्याचं काय झालं, ते पाहावंसं वाटतं.

पंथाची ओळख थोडक्यात सांगायला हवी. जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात तो स्थापन केला. आज त्याचं मुख्यालय युटाच्या सॉल्ट लेक सिटीत आहे. बायबलच्या जोडीने ते मॉर्मन ग्रंथ मानतात आणि अशा काही कारणांनी बहुतेक इतर चर्चेस त्यांना आपल्यातलं धरत नाहीत. पगारी धर्मगुरू नाहीत. मंडळीतलाच कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी हिशेबनीस आठवडाभर नोकरी करून रविवारी मंडळीचं काम पाहतो. मिशनरीही असेच. पगार नाही; खर्च स्वतःच्या साठवणीतून नाहीतर आईवडिलांकडून. सुरुवातीच्या काळात तर खिशात पैसे न घेता निघण्याची रीत होती आणि निघणारे बरेचसे बायकामुलं मागे ठेवून निघालेले संसारी पुरुष असत. एकट्या तरुण मुलींना अधिकृतपणे पाठवायला १८९८ उजाडलं. आज मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. देश कुणी निवडत नाही. पत्र येतं, त्यात कुठे जायचं ते लिहिलेलं असतं.

जर्मन राज्यांनी त्यांना सुखाने राहू दिलं नाही. १८५३ च्या आरंभी बर्लिनला पोचलेल्या दोघांना प्रशियाने काही दिवसांतच वाटेला लावलं. पन्नास वर्षांनी, १९०३ मध्ये, प्रशियाने पुन्हा हद्दपारीचा बडगा उगारला. बहुपत्नीत्व हे उघड कारण होतं, जरी चर्चने ते १८९० मध्ये सोडून दिलं होतं. दुसरं कारण स्थलांतर. त्या काळी पंथात आलेल्या माणसाने युटाला जाऊन वसावं अशी शिकवण होती आणि सैन्यात जाण्याच्या वयाची माणसं देश सोडून जाणं कुठल्याच सरकारला परवडणारं नव्हतं. यात मिशनरींचंही नुकसानच होतं. जितकं यश जास्त, तितकी मागची मंडळी रिकामी.

ड्रेस्डेनचा शाळामास्तर कार्ल मेझर असाच गेला. १८५५ च्या ऑक्टोबरात एल्ब नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत तो प्रोव्हो इथल्या ब्रिगहॅम यंग अकादमीचा प्रमुख झाला. आजचं मोठं विद्यापीठ तिच्यातूनच उभं राहिलं. पण मधल्या काळात, १८६७ मध्ये, तो मिशनरी म्हणून स्वित्झर्लंड-जर्मनीत परत आला आणि १८६९ मध्ये त्याने ‘डेर श्टेर्न’ हे जर्मन मासिक सुरू केलं. आपल्याच देशात परका होऊन दार ठोठावणं या माणसाने कसं सोसलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

आता दिवस कसा जातो ते पाहू. सकाळी साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, गुडघे टेकून प्रार्थना, न्याहारी. मग एकट्याने ग्रंथवाचन, त्यानंतर जोडीदारासोबत, त्यानंतर जर्मनचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, उद्याची आखणी, रोजनिशी आणि साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा, किराणा आणण्याचा आणि घरी पत्र लिहिण्याचा. २०१९ पर्यंत आईचा आवाज वर्षातून दोनदाच ऐकायला मिळे, नाताळला आणि मातृदिनाला. त्या वर्षापासून दर आठवड्याला फोनची मुभा मिळाली. कोटावर काळी पाटी असते, तिच्यावर चर्चचं नाव आणि आडनाव. मुलगा ‘एल्डर’, मुलगी ‘श्वेस्टर’. घरातलं हाकेचं नाव दोन वर्षं कुणाच्या तोंडी नाही.

आणि सतत सोबतीला जोडीदार. तो मिशनचा अध्यक्ष ठरवून देतो. एकाच खोलीत झोपायचं, एकाच चुलीवर शिजवायचं, एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. साधारण सहा आठवड्यांनी बदल्यांचा निरोप येतो. तेव्हा जोडी फुटते किंवा तशीच राहते. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून आपलं कुठे जमलं, कुठे खटकलं ते बोलायचं, असाही नेम आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला परक्या देशात, अर्ध्याकच्च्या भाषेत राहताना हा नेम सर्वांत जड जातो, असं मला वाटतं. देवावर विश्वास ठेवायचं शिक्षण त्याला लहानपणापासून मिळालेलं असतं. पण ताटातलं सांडत खाणारा, रात्री घोरणारा, किंवा नियमांत जरा जास्तच काटेकोर असलेला दुसरा मुलगा रोज सकाळी पुन्हा स्वीकारायचा, हे कुणी शिकवलेलं नसतं.

जर्मन गावाची घडण या कामाला अवघड करते. इमारतीच्या दाराशी घंट्यांची रांग असते आणि प्रत्येक घंटीजवळ आडनाव. म्हणजे माणूस दिसण्याआधी नाव कळतं आणि बहुतेक वेळा माणूस दिसतच नाही. जाळीच्या स्पीकरमधून ‘नको, आभारी आहे’ एवढंच येतं. दुपारी शांततेची वेळ, रविवारी संपूर्ण शांतता, संध्याकाळी लवकर जेवण. या वेळा चुकल्या की आधीच बंद असलेलं दार आणखी घट्ट बंद होतं. कुणी घरात घेतलंच, तर टेबलावर केक आणि कॉफी येते. मॉर्मन कॉफी पीत नाहीत, काळा चहा नाही, बिअर नाही. पाहुणचार नाकारावा लागतो आणि तोही मन न दुखावता. बऱ्याच घरांत मग फळांचा किंवा औषधी पानांचा चहा निघतो, तो चालतो. एका कपावर पुढचं बोलणं अडतं किंवा सुरू होतं.

शिवाय जर्मन माणूस धर्माचा हिशेब सरकारी कागदावर ठेवतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चमध्ये नोंद असेल तर आयकरावर आठ-नऊ टक्के चर्चकर कापला जातो आणि तो नको म्हणून दरवर्षी पुष्कळ लोक रीतसर नाव काढून घेतात. ज्याने एका चर्चमधून नाव काढलं आहे त्याला दुसऱ्या चर्चचा मुलगा दारात उभा दिसतो; त्या चर्चमध्ये तर उत्पन्नाचा दशांश द्यायचा असतो. सव्वाआठ कोटींच्या देशात आज चाळीसेक हजार मॉर्मन आहेत. दोन वर्षं फिरून एकाचाही बाप्तिस्मा न करता परतणारे मिशनरी जर्मनीत नवलाचे नाहीत.

इथेच मला महानुभावांचं अटन आठवतं. चक्रधरस्वामींनी शिष्यांना गावोगाव फिरायला आणि अनोळखी दारी भिक्षा मागायला लावलं, कारण त्याने अहंता गळते. मॉर्मन मुलं भिक्षा मागत नाहीत, उलट काही द्यायला निघालेली असतात. हा फरक मोठा आहे आणि ‘देणाऱ्या’चा अहंकार अधिक चिवट असतो. जर्मनीतली दारं तो हळूहळू झिजवतात. पहिल्या महिन्यांत मुलगा पाठ केलेलं बोलतो. पुढे एखादी म्हातारी युद्धात गेलेल्या भावाबद्दल सांगू लागते, आणि आपल्यापाशी असलेलं उत्तर तिच्या प्रश्नाचं नाही हे त्याला उमगतं. मग तो ऐकतो, तिचा कोळसा वर नेऊन देतो, किंवा मंडळीच्या सभागृहात फुकट इंग्रजी शिकवतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो. दोन वेळचं जेवण सोडून त्याचे पैसे गरजूंसाठी द्यायचे आणि सभेत ज्याला वाटेल त्याने उभं राहून आपली श्रद्धा आपल्या शब्दांत सांगायची. मोडक्या जर्मनमध्ये सांगताना पाठ केलेली वाक्यं उपयोगी पडत नाहीत. मनात खरोखर जेवढं आहे तेवढंच तोंडातून निघतं. त्या मुलांची आध्यात्मिक वाढ मला या तुटपुंजेपणात दिसते.

सर्वांत कठीण परीक्षा १९३९ च्या ऑगस्टमध्ये आली. युद्ध तोंडावर होतं आणि सॉल्ट लेक सिटीतून मिशनरींना बाहेर काढण्याची तार आली. फ्रांकफुर्टच्या मिशनमधली मुलं नेदरलँड्सकडे निघाली, पण सीमेवर त्यांना अडवलं गेलं. देशाबाहेर दहा मार्कांपेक्षा जास्त नेता येत नव्हते, म्हणून बहुतेकांचे खिसे रिकामे होते. एकतीस जणांचा पत्ता लागेना. अध्यक्ष डग्लस वूड यांनी आयडाहोच्या नॉर्मन साइबोल्ड या मिशनरीला पैसे आणि तिकिटं देऊन त्यांना शोधायला पाठवलं. मुलं कुठल्या स्टेशनात अडकली आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साइबोल्ड मनाला येईल तिथे उतरे आणि सैनिकांनी, निर्वासितांनी भरलेल्या फलाटांवर त्यांच्या ओळखीच्या एका भजनाची चाल शिट्टीवर वाजवत फिरे. कोलोनच्या स्टेशनात ती चाल ओळखून मुलं गर्दीतून त्याच्याकडे आली. अशी सतरा जणं त्याने डेन्मार्कमध्ये पोचवली. बाकीचे चौदाही दुसऱ्या वाटांनी सुखरूप निघाले.

मागे राहिले ते जर्मन मॉर्मन. त्यांच्यात हॅम्बर्गचा हेल्मुट ह्यूबेनर होता. चोरून बीबीसी ऐकायचं आणि ऐकलेलं टंकून पत्रकं वाटायची, हे त्याने दोन मित्रांसह केलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये तो पकडला गेला आणि २७ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्लिनच्या प्लॉट्झेन्झे तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय सतरा. नाझी पक्षात असलेल्या स्थानिक प्रमुखाने त्याला मंडळीतून काढूनही टाकलं होतं. युद्धानंतर ते रद्द झालं. मिशनच्या इतिहासात हा प्रसंग दडवू नये. ज्या वयात अमेरिकन मुलगा मिशनवर निघायची तयारी करतो, त्या वयात या मुलाने खरं बोलण्याची किंमत मोजली. आणि ज्यांनी त्याला सांभाळायचं त्यांनी त्याला सोडलं.

युद्ध संपल्यावरची एक गोष्ट मात्र मन भरून येईल अशी आहे. जर्मन फौजांनी नेदरलँड्स तुडवला होता, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे माणसं भुकेने मेली होती. तिथल्या मॉर्मनांना मिशनचे अध्यक्ष कॉर्नेलियस झॅपी यांनी मोकळ्या जागांत बटाटे लावायला सांगितले. १९४७ चं पीक हाती आलं तेव्हा जर्मनीतल्या आपल्या धर्मबंधूंना ते द्याल का, असं त्यांनी विचारलं. सत्तर टन बटाटे सीमेपलीकडे गेले. पुढच्या वर्षी आणखी गेले, सोबत हेरिंग मासे. प्रवचनाने असं काही साधलं असतं, यावर माझा विश्वास नाही.

पूर्व जर्मनीत परदेशी मिशनरींना दारं बंद झाली, तरी मंडळ्या तगल्या. त्यांना स्वित्झर्लंडमधल्या मंदिरात जाता येईना, तेव्हा सॅक्सनीतल्या फ्रायबेर्ग गावी साम्यवादी सरकारच्याच संमतीने मंदिर उभं राहिलं. जून १९८५ मध्ये त्याचं समर्पण झालं. त्याआधी ते सर्वांसाठी खुलं ठेवलं, तर पाहायला नव्वद हजारांच्या आसपास लोक आले. ऑक्टोबर १९८८ मध्ये चर्चचे वरिष्ठ नेते थॉमस मॉन्सन पूर्व जर्मनीचे प्रमुख होनेकर यांना भेटले आणि मिशनरींसाठी परवानगी मागितली. ३० मार्च १९८९ रोजी पहिले मिशनरी आत आले आणि मेअखेर पूर्व जर्मनीतले दहा तरुण मिशनरी म्हणून परदेशी गेले. बर्लिनची भिंत अजून उभीच होती. ती कोसळायला नोव्हेंबर लागला. ज्यांनी कधी सीमा ओलांडली नव्हती ते परक्या भाषेत परक्यांच्या दारी उभे राहिले. सव्वाशेहून अधिक वर्षं जर्मनीकडे येणारी वाट त्या मे महिन्यात उलटही चालू लागली.

या साऱ्यात एक दुखरी बाजू राहते आणि ती सांगितल्याशिवाय हा मागोवा खरा होणार नाही. सगळेच दोन वर्षं पुरी करत नाहीत. कुणी आजारी पडतं, कुणाला निराशा ग्रासते, कुणाची श्रद्धाच वाटेत संपते. ठरलेल्या तारखेआधी विमानतळावर उतरणाऱ्या मुलाकडे गावातले लोक कसे पाहतात, याची धास्ती त्या समाजात खोल आहे. २०२० मध्ये करोनामुळे हजारो मिशनरींना मायदेशी परत आणावं लागलं आणि लवकर परतणं एकाच वेळी पुष्कळांच्या वाट्याला आलं. माझ्या मते लाइपझिगच्या जिन्यांवर पाच महिने चढउतर करून खचलेला मुलगा चोवीस महिने पुरे करणाऱ्यापेक्षा उणा नाही. प्रत्येक घंटी दाबताना त्यालाही तेवढाच धीर करावा लागला होता, आणि घरी परतल्यावर आईवडिलांसमोर खरं काय झालं ते सांगायलाही लागतोच.