केबिनपुरतं गाणं

मार्च-एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या भरलेल्या पिकअप संध्याकाळी रत्नागिरी सोडतात. वाशीच्या बाजार समितीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पल्ला, तोही रात्रीचा. मिरकरवाडा बंदरातून मासळी घेऊन निघणाऱ्या गाड्यांनाही झोप माहीत नसते. अशा वेळी चालकाला टेपची सोबत लागतेच, मग त्यावर भजन लागो, शक्ती-तुरा लागो की जुनी सिनेमाची गाणी. ही सोबत थोडक्या पैशांत उत्तम मिळते. पण बहुतेकांचे पैसे डब्यावरच्या आकड्यांत जातात आणि वायरिंगला काही उरत नाही.

डब्यावर ‘५० वॅट × ४’ असं ठळक छापलेलं असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन सुरू असताना साधारण १४. एवढ्या दाबावर वेगळा ॲम्प्लिफायर न लावता ४ ओहमच्या स्पीकरला सलग मिळतात ते जेमतेम १८-२० वॅट. केबिनला ते भरपूर झाले! त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहावी. ८९ डेसिबलच्या जागी ९२ चा स्पीकर घेतला, तर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये निघतो. एकाच वायरीवर दोन-दोन स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहमवर येतो, टेप तापतो आणि एक दिवस गप्प होतो.

खरी मेहनत दरवाजात आहे. स्पीकर पुढे जेवढा आवाज फेकतो तेवढाच मागेही फेकतो, आणि मागचा आवाज फटींतून पुढे आला की ढोलकीचा ठोका पोकळ होतो. म्हणून पत्र्याला थेट स्क्रू न मारता मध्ये प्लायवूडची रिंग बसवावी आणि कडेच्या फटी बुजवाव्यात. कोकणात आणखी एक भानगड असते. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून दरवाजाच्या आत उतरतं आणि थेट स्पीकरच्या पाठीवर पडतं. कागदी कोन इथे टिकत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा आणि मागे प्लास्टिकची छपरी लावावी.

वायरी तीन महत्त्वाच्या. पिवळी थेट बॅटरीवर, लाल चावीवर, काळी अर्थला. चावी काढूनही गाणी वाजावीत म्हणून पिवळी-लाल एकत्र पिळण्याचा प्रकार सर्रास चालतो. मग वाशीला गाडी खाली होईपर्यंत टेप चालू राहतो आणि परतताना धक्का मारायची वेळ येते. पिवळ्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज हवा, नाहीतर ती कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग लागते. ॲक्सिलरेटर दाबताच स्पीकरमध्ये ‘घूंऽऽ’ वाढत असेल, तर आधी अर्थ तपासावा. खाऱ्या हवेत बोल्टखाली गंज धरतो. तिथला रंग खरवडून, घट्ट आवळून वर ग्रीस लावलं की पुष्कळदा आवाज जातो.

मोठ्या ट्रकचं गणित वेगळं. तिथे दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. दोनपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढण्याची युक्ती स्वस्त वाटते, पण ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवणं, हाच धड मार्ग.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. काचा बंद राहतील, बाहेरचा गोंगाट कमी येईल, त्यामुळे हे छोटेखानी स्पीकर आणखी खुलतील. मात्र बंद काचेआड बाहेरचा हॉर्नही मंदच ऐकू येतो. परशुराम किंवा आंबा घाटात शिरण्याआधी आवाज इतका खाली आणावा, की वळणाआडून येणाऱ्या एसटीचा हॉर्न गाणं चालू असतानाही स्पष्ट कळेल.